शासनमान्य कंत्राटदार आणि अमान्य मजूर

एखाद्या अभियांत्रिकी कंपनीला रस्ते, पूल, बोगदे किंवा रेल्वेमार्ग यांच्या कामांसाठी शासनाची मान्यता मिळाली, अथवा तिची नोंदणी खालच्या वर्गातून वरच्या वर्गात गेली, की जिल्ह्याच्या वृत्तपत्रात अभिनंदनाची जाहिरात झळकते. कार्यालयात पेढे वाटले जातात. काल कर्जासाठी खेटे घालायला लावणारा बँकेचा व्यवस्थापक आज स्वतः होऊन भेटीस येतो. सिमेंट आणि पोलाद पुरवणारे व्यापारी उधारीची मुदत वाढवून देतात. या आनंदात गैर असे काही नाही. चार-दोन पदवीधर अभियंत्यांनी भाड्याच्या खोलीत सुरू केलेला व्यवसाय वीस-पंचवीस वर्षांच्या कष्टानंतर महामार्गाच्या निविदेस पात्र ठरतो, तेव्हा त्यामागे खरी विद्या आणि खरी जोखीम असते. श्रमाचा आणि कौशल्याचा सन्मान मानणाऱ्या कोणत्याही विचाराने अशा यशाकडे नाक मुरडून पाहू नये.

प्रश्न निराळाच आहे. शासन ज्या वेळी ‘ही कंपनी योग्य आहे’ असे लिहून देते, त्या वेळी ते नेमके कशाची हमी देत असते? आणि ती हमी कोणाच्या वतीने दिली जाते?

पुलावरून एस. टी.ने जाणाऱ्या प्रवाशाला पुलाच्या खांबातील गज मोजता येत नाहीत. बोगद्यातून गाडी नेणाऱ्या चालकाला माथ्यावरच्या खडकाची परीक्षा करता येत नाही. बाजारात भाजी घेणारा भाजी निवडून घेतो. सार्वजनिक बांधकामाच्या बाबतीत नागरिकाला निवड नसते आणि पारखही नसते. विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला ठाऊक नसते, ही बाजाराची जुनी उणीव या क्षेत्रात सर्वांत अधिक जाणवते. म्हणूनच शासन नागरिकांच्या वतीने आधी पारख करते आणि यादी तयार करते. अर्थात मान्यता ही कंपनीच्या मालकीची मिळकत नव्हे. ती जनतेने शासनामार्फत ठेवलेल्या विश्वासाची ठेव आहे, आणि ठेव कोणत्या अटींवर ठेवली आहे हे विचारण्याचा हक्क ठेवीदाराला असतोच.

पैशाची मोजपट्टी

या अटी पाहिल्या तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. केंद्रीय दक्षता आयोगाने २००२ साली निविदांच्या पूर्वअर्हतेसाठी जी मोजपट्टी सुचवली, ती पुढे थोड्याफार फरकाने बहुतेक शासकीय निविदांत उतरली. मागील तीन वर्षांची सरासरी वार्षिक उलाढाल कामाच्या अंदाजित खर्चाच्या निदान ३० टक्के असावी. मागील सात वर्षांत अंदाजित खर्चाच्या ४० टक्के किमतीची तीन, किंवा ५० टक्के किमतीची दोन, किंवा ८० टक्के किमतीचे एक तत्सम काम पूर्ण केलेले असावे, असे तिचे स्वरूप. याला जोड म्हणून निविदा-क्षमतेचे सूत्र असते. कंपनीने एका वर्षात केलेल्या कामाची सर्वोच्च किंमत, गुणिले नव्या कामाची वर्षे, गुणिले एक ठरावीक गुणक, वजा हाती असलेल्या कामांची किंमत. शिवाय यंत्रसामग्रीची यादी, अभियंत्यांची संख्या, बँकेचे पतपत्र आणि अनामत.

या अटी निरर्थक नाहीत. ज्याने कधी नाल्यावरची मोरी बांधली नाही त्याच्या हाती खाडीवरचा पूल देऊ नये, हे कोणीही मान्य करील. आपली ऐपत ओलांडून कामे घेणारा कंत्राटदार अर्ध्यावर पळून जातो आणि उखडून ठेवलेला रस्ता वर्षानुवर्षे तसाच राहतो, हा अनुभव महाराष्ट्रातील प्रत्येक तालुक्याने घेतला आहे. त्या संकटाला आळा घालण्यासाठीच ही मोजपट्टी तयार झाली.

परंतु या मोजपट्टीत सारे मोजमाप रुपयांचे आहे. पूर्ण झालेल्या कामाची किंमत पाहिली जाते. ते काम करताना किती माणसे जायबंदी झाली हे पाहिले जात नाही. उलाढाल पाहिली जाते. त्या उलाढालीतील मजुरीचा वाटा मजुराच्या हाती वेळेवर पडला की नाही, भविष्य निर्वाह निधीचे पैसे भरले की नाही, यावर गुण मिळत नाहीत आणि कापलेही जात नाहीत. निविदेच्या जाडजूड दस्तऐवजात कामगार कायद्यांचे पालन करण्याचे कलम असते हे खरे. पण ते काम मिळाल्यानंतर पाळावयाचे वचन असते. आजवर ते वचन कसे पाळले याचा हिशेब काम मिळण्यापूर्वी गांभीर्याने मागितला जात नाही.

यातून एक बंद वर्तुळ तयार होते. मोठे काम मिळण्यासाठी आधी मोठे काम केलेले असावे लागते. त्यामुळे लहान पण नेकीने काम करणारी कंपनी बाहेरच राहते, किंवा एखाद्या मोठ्या कंपनीच्या नावाखाली शिरते. नाव एकाचे, पात्रता एकाची आणि प्रत्यक्ष काम तिसऱ्याच्याच माणसांचे, हा प्रकार बांधकाम खात्याच्या आवारात चहा पिणाऱ्या कोणालाही नवा नाही. पात्रता भाड्याने देता येऊ लागली, की मान्यतेचा मूळ हेतूच संपतो. शासनाने पारख केली त्या माणसाची, आणि पूल बांधला त्याने, ज्याला शासनाने पाहिलेदेखील नाही!

भोर घाटातला जुना धडा

हा रोग स्वातंत्र्यानंतरचा नाही. सह्याद्रीतून रेल्वे नेण्याचे भोर घाटातील काम १८५६ साली सुरू झाले. इंग्लंडहून आलेल्या कंत्राटदाराने ते घेतले होते, आणि त्याच्या हाताखाली पोटकंत्राटदारांची व मुकादमांची उतरंड होती. १८५९ च्या आरंभी थकलेल्या मजुरीवरून तेथील मजुरांचा उद्रेक झाला. वरून पैसा सुटत होता. खाली तो पोचत नव्हता. त्या वर्षी पहिल्या कंत्राटदाराने काम सोडले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर अल्पावधीतच मरण पावला आणि त्याची पत्नी ॲलिस हिने कंत्राट पुढे चालवले. १८६३ मध्ये घाट रेल्वेला खुला झाला. रेल्वेच्या कंत्राटदार आणि मजुरांमधील अशा तंट्यांच्या पार्श्वभूमीवर १८६० साली मालक व मजूर यांच्यातील वादांसंबंधीचा कायदा करण्यात आला.

या इतिहासात कंत्राटदारांची नावे आहेत, अभियंत्यांची नावे आहेत, गव्हर्नरांची आहेत. ज्या हजारो माणसांनी सुरुंग लावले आणि जी पटकीने व दरडीखाली मेली, त्यांची नावे नाहीत. एकशे साठ वर्षे उलटली. यंत्रे बदलली, राज्यकर्ते बदलले, निविदा संगणकावर गेल्या. उतरंड मात्र तीच राहिली.

सरळांबे आणि सिलक्यारा

२०२३ सालच्या ३१ जुलै आणि १ ऑगस्टमधील रात्री ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू होते. तुळया चढवणारे अवजड यंत्र सुमारे शंभर फुटांवरून तुळईसह खाली कोसळले आणि २० जण ठार झाले. मृतांत महाराष्ट्राबाहेरून पोट भरायला आलेल्यांचाच भरणा होता. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरचा तो महामार्ग ५ जून २०२५ रोजी संपूर्ण खुला झाला. त्या समारंभात अंतर किती तासांनी कमी झाले हे सांगितले गेले. सरळांब्याचा पूल आता इतर पुलांसारखाच एक पूल आहे. गाड्या त्यावरून वेगाने निघून जातात.

सरळांब्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १२ नोव्हेंबर २०२३ रोजी, ऐन दिवाळीच्या पहाटे उत्तराखंडातील उत्तरकाशी जिल्ह्यात सिलक्यारा येथील बोगद्याचा भाग कोसळला आणि ४१ मजूर आत अडकले. या दोन्ही कामांचे मुख्य कंत्राट एकाच कंपनीकडे होते. कंपनी मोठी, उलाढाल मोठी, पूर्वानुभव दांडगा. मोजपट्टीच्या प्रत्येक खुणेला ती पुरून उरणारी होती. सुमारे साडेचार किलोमीटरच्या या बोगद्याला २०१८ साली केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने मंजुरी दिली, तेव्हा त्यात सुटकेच्या मार्गाचा उल्लेख होता. दुर्घटनेच्या दिवशी त्या ४१ जणांना बाहेर काढील असा मार्ग तेथे नव्हता.

पुढचे सतरा दिवस देशाने पाहिले. परदेशी तज्ज्ञ आले, विमानाने यंत्रे आली. आडवे भोक पाडणारे अमेरिकन बनावटीचे यंत्र ढिगाऱ्यातील पोलादात अडकून मोडले. शेवटचे दहा-बारा मीटर उरले, तेव्हा ज्यांना ‘उंदीर-बिळातले खाणकामगार’ म्हणतात त्या बारा माणसांना बोलावले गेले. ते अरुंद नळातून आत सरपटत गेले, हाताने माती उकरली, घमेल्याने बाहेर ओढली, आणि २८ नोव्हेंबरला एकेचाळीसच्या एकेचाळीस माणसे जिवंत बाहेर आली. ज्या पद्धतीच्या खाणकामावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मेघालयात २०१४ साली बंदी घातली होती, तीच विद्या कामी आली.

या बारा जणांकडे कसलीही शासनमान्यता नव्हती. उलाढाल नव्हती, पतपत्र नव्हते, यंत्रसामग्रीची यादी नव्हती. होते ते हातातले कौशल्य, आणि अडकलेला माणूस आपल्यासारखाच मजूर आहे ही जाणीव. त्यांच्यापैकी एकाचे दिल्लीतील घर २८ फेब्रुवारी २०२४ रोजी, म्हणजे बरोबर तीन महिन्यांनी, दिल्ली विकास प्राधिकरणाने अतिक्रमण म्हणून पाडले. मान्यता कोणाला असते आणि कोणाला नसते, हे यापेक्षा स्पष्ट शब्दांत कोणत्याही अर्थशास्त्रीय ग्रंथाला सांगता आले नसते.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. नळात सरपटत जाऊन हाताने खोदणे ही आदर्श पद्धत आहे आणि यंत्रे टाकून द्यावीत, असा या घटनेचा अर्थ नाही. कोणत्याही माणसाला तसे काम पोटासाठी करावे लागू नये. अर्थ एवढाच, की ज्या कौशल्यावर सारे बांधकाम शेवटी उभे राहते त्याची नोंद मान्यतेच्या कोणत्याही रकान्यात होत नाही. आणि ज्यांची नोंद होते त्यांच्याकडे ते कौशल्य असतेच असे नाही.

कागद आणि पूल

मान्यतेचा कागद आणि वास्तव यांच्यातील अंतर दाखवणारी आणखी दोन उदाहरणे ताजी आहेत. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा हिमालय पादचारी पूल १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी कोसळला आणि सात जण मरण पावले. त्याआधीच्या संरचनात्मक पाहणीत हा पूल किरकोळ दुरुस्तीच्या यादीत होता. पाहणी करणारी संस्था महापालिकेने नेमलेली होती; कागद रीतसर होता. गुजरातेत मोरबी येथील झुलत्या पुलाच्या देखभालीचा करार २०२२ साली घड्याळे आणि विजेची उपकरणे बनवणाऱ्या उद्योगसमूहाशी झाला. दुरुस्तीनंतर २६ ऑक्टोबरला पूल खुला झाला आणि ३० ऑक्टोबरला तुटला. १३५ माणसे गेली. तेथे पूल खुला करण्यापूर्वीचे योग्यता प्रमाणपत्रही नगरपालिकेने दिलेले नव्हते.

एका ठिकाणी कागद होता आणि तो खोटा ठरला. दुसऱ्या ठिकाणी कागदाची गरजच कोणाला वाटली नाही. दोन्हींचे मूळ एकच आहे. पारख करण्याचे काम शासनाने स्वतःच्या हातून सोडून दिले आहे. एकेकाळी सार्वजनिक बांधकाम खात्याचा शाखा अभियंता मोजमाप पुस्तक काखेत घेऊन कामावर उभा राहत असे. तो सदैव प्रामाणिक होता असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही, आणि ‘टक्केवारी’ हा शब्द त्याच आवारात जन्मला. तरीपण तो जनतेचा नोकर होता. त्याला विधानसभेत प्रश्न विचारून जाब देण्यास लावता येत होते. आता खासगी सवलतधारकांमार्फत होणाऱ्या महामार्गांवर देखरेखीसाठी ‘स्वतंत्र अभियंता’ म्हणून खासगी सल्लागार कंपनी नेमली जाते, आणि करारानुसार तिच्या शुल्काचा अर्धा भार तोच सवलतधारक उचलतो, ज्याचे काम तिने तपासायचे असते. परीक्षार्थ्याने परीक्षकाचे मानधन द्यावे, असाच हा न्याय आहे.

याउलट कोकण रेल्वेचे उदाहरण आठवावे. १९८९-९० च्या सरकारात जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधु दंडवते अर्थमंत्री असताना या स्वप्नाला निगमाचे रूप मिळाले. ई. श्रीधरन यांच्याकडे धुरा आली आणि २६ जानेवारी १९९८ रोजी मार्ग संपूर्ण खुला झाला. कंत्राटदार तेथेही खासगीच होते. पण निर्णय घेणारे अभियंते निगमाचे स्वतःचे होते, ते जागेवर होते, आणि कंत्राटदारांची देयके विनाविलंब चुकती करण्याचा दंडक होता. सार्वजनिक संस्थेजवळ स्वतःची विद्या असली, म्हणजे कंत्राटदाराची पारख कागदावर न होता कामावर होते. त्या मार्गानेही माणसांचे बळी घेतले. रत्नागिरीस त्यांचे श्रमशक्ती स्मारक आहे. मेलेल्या श्रमिकाला स्मारक मिळावे हे उचितच. पण जिवंत श्रमिकाला हजेरीपटावर तरी जागा मिळावी, ही अपेक्षा त्याहून अधिक नाही.

साखळीच्या शेवटच्या कडीवर

कायदे नव्हते असे नाही. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा वीस किंवा अधिक मजूर असलेल्या कंत्राटदाराला परवाना सक्तीचा करीत होता, आणि कंत्राटदाराने मजुरी बुडवल्यास ती मूळ मालकाने द्यावी असे बजावीत होता. आंतरराज्य स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ चा आणि इमारत व इतर बांधकाम मजुरांसाठी १९९६ चा कायदा होता. बांधकामखर्चाच्या एक टक्का उपकर मजुरांच्या कल्याणासाठी गोळा होत होता. त्या पैशाचे काय झाले हे सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च २०१८ च्या निकालात सांगितले. ३७,४०० कोटी रुपयांहून अधिक जमा झाले होते आणि खर्च झाले होते सुमारे ९,५०० कोटी. मजुराच्या नावावर पैसा होता, पण मजूर त्याच्या नावानिशी नोंदलेला नव्हता!

हे सारे कायदे २०२० च्या कामगार संहितांत विलीन झाले आणि त्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. नव्या व्यवस्थेत कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदींची किमान मर्यादा वीसवरून पन्नासवर गेली. याचा बांधकामावरील परिणाम समजण्यास मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. मुख्य कंत्राटदाराखाली पोटकंत्राटदार, त्याखाली तुकडीचा ठेकेदार, त्याखाली गावाकडून उचल देऊन माणसे आणणारा मुकादम, अशी ही साखळी असते. चाळीस-चाळीस मजुरांच्या पाच तुकड्या केल्या, की दोनशे माणसे परवान्याच्या कक्षेबाहेर सहज सरकतात. वर शासनमान्यतेचे सुवर्णाक्षरी प्रमाणपत्र आणि खाली नोंदच नसलेली माणसे, असे हे चित्र आहे.

आक्षेप आणि त्यांचा विचार

मान्यतेच्या अटींत मजुरांचा हिशेब आणावा असे म्हटले, की दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा, की यामुळे परवानाराज परत येईल आणि लहान उद्योजक कागदांखाली दबून जाईल. हा आक्षेप प्रामाणिक असेल तर त्याचा रोख चुकला आहे. लहान उद्योजकाला बाहेर ठेवते ती उलाढालीची आणि पूर्वकामाच्या किमतीची अट. मजुरी बँकेतून दिल्याचा पुरावा आणि निर्वाह निधीच्या पावत्या सादर करण्यास पैसा लागत नाही. ज्याने त्या भरल्या आहेत त्याला त्या तासाभरात देता येतात. अडचण होईल ती न भरणाऱ्याची.

दुसरा आक्षेप असा, की यामुळे कामाचा खर्च वाढेल. येथे थोडा हिशेब मांडून पाहावा. समजा, शंभर कोटींच्या कामात मजुरीचा भाग वीस कोटी आहे. एक कंपनी पूर्ण मजुरी, जादा तासांचा मोबदला, विमा आणि निर्वाह निधी धरून निविदा भरते. दुसरी या वीस कोटींतील चौथा भाग बुडवायचे ठरवून पाच कोटींनी कमी भरते. अभियांत्रिकी कौशल्य दोघींचे सारखेच असले, तरी काम दुसरीला मिळते, कारण नियम सर्वांत कमी दराचा आहे. हे पाच कोटी शासनाने वाचवले असे वरवर दिसते. वस्तुतः ते मजुराच्या ताटातून काढून घेतले गेले. पुढे अपघात, नुकसानभरपाई, फेरबांधणी आणि वर्षानुवर्षांचे दावे यांच्या रूपाने ते बव्हंशी सरकारी तिजोरीवरच परत येऊन बसतात.

तात्पर्य, सध्याची पद्धत नेक कंपनीला शिक्षा करते. पेढे वाटणाऱ्या त्या अभियंत्यांनाही याची जाणीव असते; कित्येकांना आपल्या इच्छेविरुद्ध मुकादमांच्या साखळीवर विसंबावे लागते, कारण तसे न केल्यास दर टिकत नाही. स्पर्धा असावी, पण ती चांगल्या आराखड्याची, कमी नासाडीची, वेळेच्या नियोजनाची असावी. मजुरी आणि सुरक्षितता या दोन गोष्टी स्पर्धेच्या रिंगणाबाहेर काढल्या, तर त्यात मजुराइतकेच हित चांगल्या अभियंत्याचे आहे. या प्रश्नावर श्रमिक चळवळ आणि नेक व्यावसायिक यांची एकजूट होऊ शकते आणि ती व्हावी.

आपल्या घरातील त्रुटी

दुसऱ्याकडे बोट दाखवताना स्वतःच्या घरातही पाहिले पाहिजे. कंत्राटदारांच्या मगरमिठीला पर्याय म्हणून महाराष्ट्रात मजूर सहकारी संस्थांची कल्पना पुढे आली. लहान शासकीय कामे सुशिक्षित बेरोजगार अभियंते, मजूर सहकारी संस्था आणि खुले कंत्राटदार यांच्यात वाटण्याचे ३३:३३:३४ हे प्रमाण दीर्घकाळ रूढ होते. कल्पना थोर होती: श्रम करणाऱ्यानेच कंत्राटदार व्हावे. पण अनेक ठिकाणी संस्थेचे नाव मजुरांचे आणि कारभार कंत्राटदाराचा, असे झाले. २०२२ च्या जानेवारीत विधान परिषदेच्या एका सदस्याला मुंबईच्या जिल्हा सहकारी बँकेच्या संदर्भात ‘मजूर’ म्हणून अपात्र ठरवण्याची वेळ सहकार खात्यावर आली, यातच सारे आले. ज्या चळवळीने या संस्थांचा पुरस्कार केला, तिने त्यांची राखण केली नाही. मान्यता मिळवून देणे सोपे असते. मान्यतेला साजेसे काम होते की नाही हे वर्षानुवर्षे पाहत राहणे कठीण असते. हे कठीण काम टाळले गेले, ही कबुली कार्यकर्त्यांनी स्वतःशी दिली पाहिजे.

मागण्या कोणत्या?

केवळ निषेधाच्या ठरावाने काही होणार नाही. ठोस मागण्या पुढील प्रमाणे मांडता येतील.

पहिली, वाहतुकीच्या बांधकामांसाठी नोंदणी किंवा पूर्वअर्हता देताना कंपनीचा मागील पाच वर्षांतील मजुरीचा, निर्वाह निधीचा आणि उपकराचा हिशेब, तसेच मृत्यू व गंभीर अपघातांची नोंद, उलाढालीइतक्याच महत्त्वाची मानावी.

दुसरी, प्रत्येक पोटकंत्राट लेखी आणि जाहीर असावे; मजुरांची संख्या पन्नास असो वा पाच, त्यांची नावे मुख्य कंत्राटदाराच्या हजेरीपटावर असावीत आणि मजुरीची अंतिम जबाबदारी त्याचीच असावी.

तिसरी, कामावर माणूस मेला तर स्वतंत्र चौकशी पूर्ण होईपर्यंत त्या प्रकारच्या नव्या कामांसाठी मान्यता आपोआप स्थगित व्हावी, आणि चौकशीचा अहवाल मराठीत प्रसिद्ध व्हावा.

चौथी, देखरेख करणाऱ्या अभियंत्याचे वेतन पूर्णतः सार्वजनिक निधीतून जावे, आणि बांधकाम खात्यातील रिकाम्या जागा व निकामी झालेल्या चाचणी-प्रयोगशाळा भरून काढाव्यात.

पाचवी, गवंडी, सुरुंगकार, लोखंड बांधणारे, यंत्रचालक यांच्या कौशल्याला त्यांच्या नावे मान्यता मिळावी आणि ती त्यांना एका कामावरून दुसऱ्या कामावर बरोबर नेता यावी. कंपनीच्या पात्रतेत अशा मान्यताप्राप्त श्रमिकांचे प्रमाण धरले जावे.

यांपैकी काही मागण्यांसाठी कायदा बदलावा लागेल. पण काहींसाठी तालुक्यातील जागरूक कार्यकर्ताही पुरेसा आहे. आपल्या भागात पूल किंवा महामार्ग होत असेल तर माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यान्वये मुख्य कंत्राट, पोटकंत्राटे, उपकर भरल्याच्या पावत्या आणि सुरक्षातपासणीचे अहवाल मागता येतात. त्या कायद्याचे चौथे कलम तर अशी माहिती न मागताच जाहीर करावी असे सांगते. कामगारांच्या वस्तीवर जाऊन किती जणांचे हजेरीकार्ड आहे, किती जणांना मुकादमाखेरीज कोणाचेही नाव ठाऊक नाही, हे विचारता येते. झारखंड, बिहार किंवा ओडिशातून आलेला मजूर परक्या भाषेचा आहे म्हणून त्याच्याकडे पाठ फिरवणाऱ्या राजकारणाला यापेक्षा चांगले उत्तर नाही. सिलक्याऱ्यात अडकलेल्यांत सर्वांत अधिक, पंधरा जण, झारखंडचे होते. रस्ता ज्या गावातून जातो त्या गावाची ती माणसे पाहुणी असतात.

पुढच्या वेळी एखाद्या कंपनीच्या अभिनंदनाची जाहिरात दिसेल, तेव्हा कार्यकर्त्याने ती फाडून टाकू नये. जपून ठेवावी. तिच्यात उलाढालीचे आकडे असतील, यंत्रांची छायाचित्रे असतील, मान्यवरांची नावे असतील. त्या जाहिरातीची एक प्रत घेऊन त्याने कामाच्या जागेवर जावे आणि तेथील सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसाला त्याचे नाव, गाव आणि मागच्या महिन्याची मजुरी मिळाल्याची तारीख विचारावी. या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या कंपनीच्या कामावर सरळ मिळतील, ती कंपनी जनतेच्या मान्यतेस पात्र आहे असे खुशाल समजावे. शासनाची मोजपट्टी तेथवर येईपर्यंत ही मोजपट्टी कार्यकर्त्यांनीच चालवावयाची आहे.